कै. गोजरा घरत यांची खुर्ची

मित्रांनो, केक खाऊन झाला असेल तर जरा इकडे या. कोपऱ्यात, त्या हिरव्या भिंतीपाशी. मनीप्लँटची कुंडी मांडीवर घेऊन उभी आहे ना, तीच मी. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तुम्हाला बसा म्हटले असते, पण हॉटेलच्या मालकाने माझ्या हातावर ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावली आहे. आता घ्या! आयुष्यभर जिने माणसे बसवली, तिला म्हातारपणी कुंडी सांभाळायला ठेवली आहे.

मघाशी तुमच्यापैकी एकजण माझ्या पाठीवरची अक्षरे वाचून पोट धरून हसला. ‘कै. गोजरा धर्मा घरत यांच्या स्मरणार्थ.’ त्याने फोटोही काढला. मला राग आला नाही. हॉटेलात, चायनीज भेळेच्या वासात, असले काही वाचले तर कोणालाही हसू येईल. पण त्यातला पहिला शब्द खोटा आहे. निदान मी गोजराला शेवटचे पाहिले तेव्हा तरी खोटा होता. आता काय आहे ते मला माहीत नाही, आणि त्याचाच मला घोर लागून राहिला आहे. म्हणून सांगते, ऐका.

पनवेलच्या खाडीकाठी आमचे गाव होते. म्हणजे गाव अजून आहे, पण चारी बाजूंनी टॉवर उभे राहिल्यामुळे ते शोधावे लागते. त्या गावात गावदेवीच्या देवळाशेजारी एक रंगमंदिर होते. कौलारू छप्पर, मातीच्या जाड भिंती, दारात पांढरा चाफा. मिठागरात राबणाऱ्या आणि खाडीत मासे धरणाऱ्या माणसांनी आपल्या हातांनी ते बांधले होते. गावदेवीच्या जत्रेला तिथे नाटक व्हायचेच, मग पीक बुडो नाहीतर मीठ विरघळो.

सुरुवातीला तिथे खुर्च्या नव्हत्या. लोक मिठाच्या रिकाम्या गोणी अंथरून खाली बसत. पुरुष मधोमध, आणि बायका डावीकडे दोरीपलीकडे, एका जाडजूड खांबाच्या मागे. तिथून अर्धाच रंगमंच दिसायचा. राजा दिसे, राणी दिसत नसे. बायका घरी जाताना आपल्या नवऱ्यांना विचारत की राणीने शेवटी काय केले, आणि नवरे सांगत की लक्षात नाही.

पुढे गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब म्हात्रे यांच्या मनात आले की आपल्याकडे खुर्च्या हव्यात. रावसाहेब शाळेत मास्तर होते आणि नाटकात कायम राजा व्हायचे. त्यांनी ठरवले की प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक खुर्ची द्यावी. ज्याच्या घरची खुर्ची, त्याच्या घरच्याने तिच्यावर बसावे. गावाला हे पटले. एक जुना मचवा, म्हणजे मीठ वाहून नेणारी मोठी होडी, किनाऱ्यावर मोडून पडला होता. पनवेलचे सुतार रावसाहेबांच्या ओटीवर येऊन बसले आणि त्याच्या सागवानातून आम्ही खुर्च्या झालो. मीठ आमच्या हाडात मुरलेले होते, म्हणून तर इतकी वर्षे टिकलो.

आता खुर्ची घराची म्हणजे बसणार कोण? घरातला पुरुष. बायका पुन्हा खांबामागेच. तेव्हा गोजरा नुकती लग्न होऊन गावात आली होती. दिवसभर मिठागरात टोपल्या वाहायची, त्यामुळे तिच्या टाचा फुटलेल्या असत. पण जीभ अशी तिखट की मुकादमही तिच्या वाटेला जात नसे. ती एक दिवस सरळ रावसाहेबांच्या ओटीवर गेली. सुतार तिथेच आमचे पाय घासत बसले होते, म्हणून मी हे ऐकले.

“मना माझे नावाची खुर्ची पायजे,” ती म्हणाली.

रावसाहेब हसले. म्हणाले, अगं, या खुर्च्या गेलेल्यांच्या नावाच्या आहेत.

“मेल्यावर मी नाटक बगाया कशी येनार? जित्तेपनीच बसते.”

तिने पायातले चांदीचे तोडे काढून ओटीवर ठेवले. राजाचे पल्लेदार संवाद घडाघडा म्हणणारा माणूस, पण तिच्यापुढे त्याने हार मानली. रावसाहेबांनी होकारार्थी मान हलवली आणि मी गोजराची झाले.

गंमत पुढेच आहे. आमच्या पाठीवर नावे रंगवायला अरविंद पेंटर आला. त्याने पत्र्यात अक्षरे कापून एक साचा केला होता. वर ‘कै.’, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, मध्ये मोकळी जागा. कै. म्हणजे कैलासवासी, म्हणजे वारलेले माणूस. जत्रा तोंडावर आली होती आणि पेंटर घाईत होता. साचा ठेव, रंग फिरव, पुढची खुर्ची घे. त्या सपाट्यात त्याने धडधाकट गोजरालाही कैलासाला पोचवून टाकले.

तिची सासू पुतळाबाई ते कळल्यावर छाती पिटत आली. जिवंत सुनेच्या नावामागे कै.! केवढा अपशकुन! आत्ताच्या आत्ता खरवडून काढा म्हणून तिने पेंटरला धारेवर धरले. तो बिचारा चाकू घेऊन माझ्या पाठीला लावणार, एवढ्यात गोजराने त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “जित्ते बाईला कोनी पन उठवंल. मेलेले बाईची खुर्ची कोन घेनार?”

मित्रांनो, मी खुर्ची आहे, मला अक्कल ती किती असणार? पण तेव्हा मला कळले की माझी मालकीण साधीसुधी नाही. आणि झालेही तसेच. पहिल्याच नाटकाला एक पाहुणा ऐटीत माझ्यावर बसायला आला, पाठीवरचे नाव वाचले, आणि चटका बसल्यासारखा बाजूला झाला. गोजरा आली, पदर सावरून बसली, आणि तिने पहिल्यांदा पूर्ण रंगमंच पाहिला. राजाही आणि राणीही. राणीचे काम सुताराचा मुलगा करत होता आणि त्याच्या लुगड्याखालून पँट दिसत होती. गोजरा इतकी हसली की माझे खिळे हलले.

आमच्या रंगमंदिरात नाटक बघणे म्हणजे काय होते, हे तुम्हाला कसे सांगू? नारळ फुटायचा, धूप पसरायचा. घंटा व्हायची, दुसरी व्हायची, तरी लोकांच्या गप्पा चालूच. तिसरी घंटा झाली की मात्र सगळे चिडीचूप. पडदा वर जाताना त्याच्या दोरीचा करकर आवाज यायचा आणि त्याच वेळी गोजरा माझा उजवा हात घट्ट पकडायची. मागून संवाद सांगणाऱ्याचा आवाज नटाच्या आधी ऐकू येई, तरी कोणाचे काही बिघडत नसे. वीज गेली तर नट अंधारात तसाच बोलत राहायचा, आणि गोजरा खालून सांगायची की जरा दम धर, तुझे तोंड दिसू दे. तो दम धरायचा! खलनायकाला ती चांगल्या शिव्या हासडायची. दुःखाचा प्रवेश आला की तिच्या बांगडीचा काठ माझ्या हातात रुतायचा. नाटकामागून नाटके झाली आणि तिथे एक खाच पडली. बघा, आहे अजून. त्या पाटीच्या खाली.

जत्रेच्या पहिल्या खेळाला एक रीत होती. दारातल्या चाफ्याची फुले ताटात घेऊन रावसाहेब रांगेरांगेने फिरत आणि प्रत्येक खुर्चीवर, तिथे नाव असलेल्या माणसासाठी, एक फूल ठेवत. माझ्यापाशी आले की ते थांबायचे, गोजराच्या हातात फूल द्यायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “कैलासवासी, फूल घ्या.” गोजरा ते अंबाड्यात खोचायची. सगळा गाव हसायचा. दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी तेच हसू.

मग दिवस पालटले. मिठागरांवर भराव पडला. रावसाहेब गेले आणि त्यांच्या नावाची खुर्ची माझ्या पुढच्या रांगेत आली. पुतळाबाई गेली, अरविंद पेंटर गेला, तो विनोद समजणारी माणसे एकेक करून कमी झाली. गोजराचा मुलगा रणजीत करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि आईला घेऊन गेला. तरी ती जत्रेला रिक्षाने यायची. नंतर तिचे गुडघे गेले आणि तेही थांबले. रंगमंदिरात नाटकांऐवजी साड्यांचे सेल लागू लागले. आम्हाला एकावर एक रचून कोपऱ्यात ढकलले. माझ्या पुढच्या पायाला वाळवी लागली. मला आतून पोखरल्याचे कळत होते, पण सांगणार कोणाला? कोणीतरी पायांवरून चॉकलेटी रंग फासला आणि काम झाले म्हणून निघून गेला.

शेवटी इमारत धोकादायक ठरली. पाडायची हे नक्की झाले. मंडळाचा नवा चिटणीस आशुतोष, म्हणजे रावसाहेबांचा नातू, बँकेत नोकरी करायचा. गुणी पोरगा, त्याला मी बोल लावणार नाही. त्याला वाटले की पाडण्याआधी एक शेवटचा खेळ व्हावा, आजोबांची फुलांची रीत व्हावी, आणि ज्यांच्या नावाच्या खुर्च्या आहेत त्यांच्या घरच्यांना मानाने बोलवावे. तो आणि मंडळातली श्रुती आम्हाला पुन्हा रांगेत मांडून, धूळ झटकत एकेका खुर्चीची पाठ वाचत आले. माझ्यापाशी थांबले.

“गोजरा धर्मा घरत,” श्रुतीने वाचले. “या कोण रे?”

“घरत करंजाड्याला शिफ्ट झालेत. आजी गेल्या असणार, लिहिलंय ना. मुलाचा नंबर आहे, त्याला मेसेज टाकतो.”

मित्रांनो, त्या क्षणी मला जे झाले ते कोणाला होऊ नये. अरे, ती जिवंत आहे! तिलाच बोलवा, तिची वाट बघतेय मी! माझ्या सगळ्या सांध्यांत ते ओरडणे भरून आले आणि बाहेर आली ती फक्त एक बारीक कुर्र. श्रुती म्हणाली की ही खुर्ची फार वाजते, हिला मागे ठेवू या का? आशुतोष म्हणाला की राहू दे, जिथली तिथेच बरी. ते पुढच्या खुर्चीकडे गेले. लाकडाला पाय चार देतात, हात दोन देतात, तोंड मात्र कोणी देत नाही.

ज्या युक्तीने गोजराने आपली जागा राखली, तीच युक्ती तिच्यावर उलटली होती. शेवटचा खेळ, आणि तिला कोणी बोलावणार नव्हते, कारण माझ्या पाठीवर ती मेलेली होती.

खेळ दुपारचा होता. नाटक सुरू होण्याआधी घरोघरची माणसे आपापल्या खुर्चीशेजारी उभी राहिली. माझ्याशेजारी कोणीच नव्हते. आशुतोष माईकवर एकेक नाव वाचू लागला आणि श्रुती फुले ठेवत आली. “कैलासवासी गोजरा धर्मा घरत,” तो म्हणाला, आणि माझ्या रिकाम्या बैठकीवर चाफ्याचे फूल पडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फूल माझ्यावर पडले होते. ते दगडासारखे जड लागले. मला वाटले, कोण जाणे, हीच माणसे खरी असतील. ती कधीच गेली असेल आणि मलाच कोणी सांगितले नसेल.

सगळी नावे संपली. आशुतोषने दोन मिनिटे शांत उभे राहायची विनंती केली. माना खाली गेल्या. त्या शांततेत दाराकडून काठीचा आवाज आला. टक, टक. मध्येच थांबायचा, धाप ऐकू यायची, पुन्हा टक, टक. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण त्यामागे फुटक्या टाचांची जी फरफर होती ती मी ओळखली. गोजरा! एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या, जाईच्या खांद्यावर. कमरेत वाकलेली, अंग निम्म्यावर आलेले. ती माझ्यापर्यंत आली आणि तिने बैठकीवरचे फूल उचलले.

“बसा रं सगली,” ती म्हणाली. “मी हाय आजून.”

आशुतोषच्या हातातला माईक खाली आला. तो धावत आला आणि तिच्या पाया पडला. “आजी, आमचं चुकलं.”

“चुकला नाय रे बाला. जरा लवकर झाला.”

सगळे रंगमंदिर हसले. मागे उभे असलेले दोन-तीन म्हातारे रडलेही. गोजराने फूल अंबाड्यात खोचले. अंबाडा कसला, सुपारीएवढी गाठ उरली होती. मग ती माझ्यावर टेकली.

हे सगळे कसे घडले ते जाईने शेजारच्या बाईला सांगितले. आशुतोषचा मेसेज रणजीतला गेला होता, ‘आपल्या कै. मातोश्रींच्या स्मृतीस वंदन.’ घरात बसलेल्या आईबद्दल असे वाचून तो भडकला. त्याने ठरवले की आईला काही कळू द्यायचे नाही, जायचे तर नाहीच. पण जाईने तो आजीला वाचून दाखवला. आजी ठसका लागेपर्यंत हसली आणि म्हणाली की माझ्या दिवसाला मीच नको का? बाप कामावर गेल्यावर जाईने रिक्षा बोलावली.

तिसरी घंटा झाली. दोरी करकरली. तिने माझा हात पकडला, बोटे बरोबर त्या खाचेपाशी. बांगडी आता ढिली होती, तरी तिथेच बसली. मित्रांनो, मी नाटक पाहिलेच नाही. मी सारा वेळ माझ्या पुढच्या पायाला बजावत होते की आज नको, आज मोडलास तर बघ. वाळवीने आत भुसा केला होता. ती हसली की मी हलायचे, ती पुढे झुकली की माझा जीव जायचा. तिला काय ठाऊक! ती खलनायकाला शिव्या देत होती, आणि तो बिचारा नवा पोरगा दचकून आपले वाक्य विसरला. पाय टिकला. कसा टिकला ते त्यालाच माहीत.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, लोक एकमेकांचे फोटो काढत बाहेर गेले. गोजरा उठेना. ती जाईला म्हणाली की ही घरी न्यायची. जाईने तिथूनच बापाला फोन लावला. तो आधी रागावला, मग थकल्यासारखा बोलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आले.

“जाई, मला पण वाईट वाटतं गं. पण आई समोर बसलेली असताना तिच्या नावामागे कै. लिहिलेलं मी रोज कसं बघू?”

त्याचे तरी काय चुकले? जाई म्हणाली की तेवढी अक्षरे खरवडून टाकू. गोजराने नको म्हणून मान हलवली. त्याच शब्दाने तर तिची जागा राखली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. जुनी अक्षरे ती बोटांनी चाचपत होती. तिला वाचता येत नव्हते, पण कुठे काय आहे ते तिला ठाऊक होते. मग तिने गाठीतले फूल काढून माझ्यावर ठेवले. टक, टक आवाज दारापर्यंत गेला, चाफ्यापाशी थांबला आणि मग रिक्षाच्या आवाजात मिसळला. मला तिच्यामागे जाता आले नाही.

पुढचे काय सांगायचे? इमारत पाडली. चाफाही गेला. आम्हाला टेम्पोत घालून नावड्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे टाकले. बऱ्याच जणी तिथेच चिरफाळून जळणात गेल्या, रावसाहेबांची खुर्चीसुद्धा. या हॉटेलच्या मालकाला जुन्या वस्तूंची हौस. त्याने माझी पाठ वाचली, हसला, आणि मला घेऊन आला. पाय दुरुस्त केला नाही, म्हणून ती पाटी. लोक माझ्याशेजारी उभे राहून तोंडे वाकडी करतात आणि फोटो काढतात. मी त्यांच्यामागे दाराकडे बघत असते. काठीचा आवाज आला की दचकते. तो वेटरच्या मॉपचा असतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असे सांगायची पद्धत आहे. जपा, जपलेत तर बरेच आहे. नाही जपलेत तरी लाकूड काय, लाकूडच आहे. पण माणसाबद्दल पाटीवर काय लिहिले आहे ते वाचून घरी जाऊ नका. त्याच्या दारावर टकटक करा. आत असेल तर ते स्वतः सांगेल की आहे म्हणून.

तुमच्यापैकी कोणी करंजाड्याला राहत असेल, कोणाची आत्या-मावशी तिकडे असेल, तर एवढे करा. रणजीत घरत यांचे घर विचारा, जाईची आजी आहे का ते बघा. माझ्या पाठीवरचा तो शब्द अजून खोटाच आहे की आता खरा झाला, हे कळायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. खरा झाला असेल तर इथे येऊन एखादे फूल या कुंडीशेजारी ठेवा, मी समजून घेईन. आणि ती असेल, खिडकीशी बसलेली असेल, तर तिच्या कानाशी वाकून, जरा मोठ्याने, एवढाच निरोप द्या.

खुर्ची हाय आजून.